पुंजाजी मिस्त्रींचा गुण्या

चौतीस वर्षं मी पोरांना काटकोन शिकवला, आणि सदुसष्टाव्या वर्षी मोताळ्याच्या आठवडी बाजारात वांग्यांच्या ढिगाशेजारी उभी राहून एका सरळ माणसाला वाकडं ठरवून बसले. तेही त्याला न विचारता. तरुणपणी माणूस चुकतो म्हणतात. माझं तरुणपण जरा लांबलं, एवढंच.

मी म्हटलं ते शब्द असे होते : "पुंजाजी मिस्त्रींचा हात गेला हो. सरळ रेघ राहिली नाही आता त्यांच्याजवळ." रागानं म्हटलं असतं तर निदान भांडण झालं असतं. मी हळहळून म्हटलं. भाजीवाल्या शांताबाईनं तराजू तसाच हवेत धरला, आणि शेजारी कोथिंबीर घेत असलेल्या देवीदास पाटलाच्या बायकोनं पिशवीचं तोंड बंद करून घराचा रस्ता धरला. ती कोथिंबीर न घेताच गेली हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

पण आधी माणूस सांगते. नाहीतर चूक केवढी होती ते कळायचं नाही.

बसस्टँडच्या मागच्या अंगाला एक कडुनिंब आहे, त्याखाली पुंजाजी मिस्त्रींची पत्र्याची शेड, तिला लागूनच घर. आधी तिथं बंड्या तयार होत. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. पुढं ट्रॅक्टर आले, बंड्या गेल्या, मग दारांच्या चौकटी, खिडक्या, पाट, देव्हारे. मिस्त्री अंगानं किडकिडीत, कानामागे पेन्सिल, आणि पेन्सिलीचं टोक असं की त्यानं सुई बोथट वाटावी. बोलणं कमी. जे काही बोलायचं त्यातलं अर्धं एकाच शब्दात आटपायचं. तो शब्द गुण्या.

कंपासपेटीतला त्रिकोणी गुण्या सगळ्यांना ठाऊक असतो. सुतारही तोच शब्द वापरतात. दोन कडा बरोबर काटकोनात बसल्या की काम 'गुण्यात आहे' म्हणायचं. मिस्त्रींच्या तोंडी त्याचा 'गुन्या' होई, आणि तो फक्त लाकडापुरता नसे. नवा जावई पाहून आले की बायकोला सांगत, "पोरगा गुन्यात हाय." वेळेवर न येणारी एसटी गुन्यात नसे. एकदा जेवताना पोळी हातात धरून त्यांनी गोकर्णाकाकूंना, म्हणजे बायकोला विचारलं, "हे गुन्यात हाय का?"

काकू म्हणाल्या, "पोळी गोल असते. तिले कोपरे कुठचे?"

"मंग एका अंगाले जाड काऊन?"

"तुमच्या अंगाले जाड यावी म्हनून. खा मुकाट्यानं."

त्या घरात मिस्त्रींना गप्प करणारं माणूस एकच होतं, आणि ते चुलीसमोर बसलेलं असे.

माझी त्यांची ओळख झाली तेव्हा मी चोवीस वर्षांची, नुकतीच शाळेत लागलेली. आज त्या बाईला रस्त्यात पाहिलं तर मी दुसऱ्या गल्लीनं जाईन. पोलक्याच्या लांब बाहीवरून मनगटी घड्याळ बांधायची, छत्री काठीसारखी धरायची आणि चालायची अशी, जणू भूमिती तिला माहेराहून आंदण मिळाली आहे. शाळेत फळ्यावर काटकोन काढायला पत्र्याचा एक मोठा गुण्या होता. त्याची मूठ तुटली म्हणून मी तो घेऊन मिस्त्रींकडे गेले आणि वर्गात बोलते त्याच आवाजात म्हणाले, "याला मूठ बसवा. आणि जपून. हे मोजमापाचं साधन आहे."

मिस्त्रींनी ते साधन उचललं, फळीच्या कडेला टेकवलं, एक रेघ मारली. मग ते उलटं केलं आणि त्याच टिंबापासून दुसरी रेघ मारली. दोन्ही रेघा एकावर एक पडायला हव्या होत्या. त्या खालून एकत्र निघाल्या आणि वर जाऊन बैलाच्या शिंगांसारख्या फाकल्या.

"बाई, हा गुन्या गुन्यात नाही."

"असं कसं होईल? शाळेचा आहे."

"शाळेचा हाय, पन कोनीतरी यानं उंदीर मारेल दिसते. इथं वाकला हाय."

दोन महिने मी सातवी-आठवीच्या पोरांना वाकडा काटकोन शिकवत होते, आणि ज्यांचे काटकोन नीट येत होते त्यांना फळ्याशी जुळत नाही म्हणून छड्या मारत होते. हे मी मिस्त्रींना सांगितलं नाही. त्यांनी ओळखलं असावं, कारण ते म्हणाले, "पोट्ट्यायले काही होत नाही, बाई. पोट्टे शिकवल्यासारखं कुठं शिकतात."

त्यांनी मला सागाचा नवा गुण्या करून दिला. तो शाळेच्या भिंतीवर खिळ्याला मी निवृत्त होईपर्यंत टांगलेला होता. निरोपाच्या दिवशी मला शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि गुण्या मी आपला आपण उचलून आणला. चोरीच ती. कबुली द्यायला बसलेच आहे तर हीही घ्या.

मिस्त्रींची एक खोड गावभर माहीत होती. कोणाच्याही घरी गेले की ते आधी बसत नसत. दार एकदा उघडत, एकदा लावत, आणि मग बसत. लोक हसत. पिंपळगाव राजाला माझ्या चुलत नणंदेचे यजमान वारले तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो, मिस्त्रीही आले होते. माणसं येत होती, जात होती, आणि दर वेळी ते दार असं करकरत होतं की आतली बाई दचकून रडायला लागायची. मिस्त्रींनी दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा उठले, पिशवीतून रंधा काढला, आणि कोणालाही न विचारता दार उतरवून त्याची खालची कड तासायला बसले. माझी मान शरमेनं खाली. सुतकाच्या घरात भुसा पाडणारा माणूस आमच्या ओळखीचा आहे हे कोणाला कळू नये म्हणून मी खांबाआड सरकले.

वर्षभरानं नणंद मला म्हणाली, "वहिनी, त्या दिवसांत सगळे मले समजवून गेले. काय समजवलं ते एक आठवत नाही. त्या मिस्त्रीनं दाराची करकर बंद केली ते आठवते. पह्यल्यांदा जरा झोप लागली."

खांबाआड उभी राहिलेली मी तेव्हाही चाळिशीची होते. म्हणजे अक्कल यायला वय लागतं असं म्हणून सुटताही येत नाही.

दुसरी त्यांची चीड 'चालते' या शब्दाची. एखादा म्हणाला, थोडी फट राहू द्या, चालते, तर ते रंधा खाली ठेवत. "बैल चालते. चौकट बसते." आणि मग त्या माणसाचं काम चार दिवस मागं पडे.

आता ज्या लाकडानं हे सगळं घडवलं त्याची गोष्ट. मिस्त्री एकदा लोणारकडे सुलतानपूरला नातेवाइकाच्या लग्नाला गेले होते. परत आले ते छोटा हत्ती टेम्पोत, आंब्याच्या ओंडक्यासोबत. कोणाच्या बांधावरचा म्हातारा आंबा वादळात पडला होता, घरची माणसं त्याची सरपणासाठी खांडं पाडत होती. मिस्त्रींनी जेवणाच्या पंगतीतून उठून, आतल्या रेघा दिसाव्यात म्हणून त्या कापावर तांब्यातलं पाणी ओतलं म्हणे. गोकर्णाकाकू हे सांगताना अजून कपाळाला हात लावत. "नवरदेव तिकडे घोड्यावर, आन् हे लाकळाले पानी पाजून राह्यले."

ओंडका चिरून त्याच्या फळ्या निघाल्या तेव्हा मला बोलावून दाखवल्या. कोरड्या असताना साधं आंब्याचं लाकूड. मिस्त्रींनी जवसाच्या तेलाचं बोट फिरवलं आणि आत आडव्या लाटा उठल्या. फळी तिरपी केली तर लाटा सरकल्या, जणू गव्हाच्या शेतावरून वारा गेला.

"लहर हाय याले," मिस्त्री म्हणाले. "हजारात एखाद्या झाडाले असते."

"काय करणार याचं?"

"त्याचं काम आलं का सांगन ते."

काम अकरा वर्षं आलं नाही. कोणी चौरंग मागितला, कोणी मोठ्या पुढाऱ्याला भेट द्यायला नावाची पाटी मागितली. मिस्त्री फळी पुसत, परत वर ठेवत आणि म्हणत, "याचं नाही." मी चिडवायची, "मिस्त्री, या फळीला स्थळ सांगून येत नाही वाटतं." ते गंभीरपणे म्हणत, "घाई काय हाय."

स्थळ आलं ते माझ्याच घरातून. माझी नात तन्वी पुण्यात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात विजेची गिटार वाजवते. सात तारांची. त्या दिवाळीत ती आली ती तक्रार घेऊन. तिला खर्जातले सूर लागतात, पण सगळ्या तारा सारख्या लांबीच्या असल्या की सगळ्यात जाड तार ढिली पडून फडफडते, आणि जाड तारेसाठी गिटार लांब केली तर बारीक तार ताणून कर्कश होते. तिला हवी होती दोन्ही अंगांना वेगवेगळ्या लांबीची, मल्टीस्केल. अशी कोणाकडून करून घ्यावी, हाच प्रश्न होता. मी तिला गंमत म्हणून मिस्त्रींच्या शेडमध्ये नेलं. फळी तिनं पाहिली. मिस्त्रींनी तेलाचं बोट फिरवलं. ती लाटांवरून बोट फिरवत राहिली, आणि मिस्त्री फळी परत वर ठेवायचं विसरले.

मग तिनं लॅपटॉप उघडून दोन तास आराखडा समजावला. मी शेजारीच बसले होते. मिस्त्री दर दोन मिनिटांनी 'पुन्यांदा सांग बेटा' म्हणत. मी मात्र मान डोलवत होते. गणिताची बाई, समजलं नाही असं म्हणणार कशी? मला त्यातलं एवढंच कळलं की गिटारला गळ्याऐवजी मान म्हणतात.

मिस्त्रींनी सहा महिने घेतले. तेव्हा एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं बाकी होतं. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग गिरणीची एक सागवानी तुळई त्यांनी जपून ठेवली होती, तिचं अंग केलं. लहरीची फळी मधोमध चिरून पुस्तक उघडावं तशी दोन बाजूंना मांडली, म्हणजे डावीकडची लाट उजवीकडच्या लाटेला मधल्या शिवणीवर बरोबर भेटे. मान सागाची आणि शिसमाची, पट्ट्यापट्ट्या जोडून, आत लोखंडी सळई. तन्वीनं आराखडा छापून पाठवला होता. मिस्त्रींनी तो आधी मोजला आणि तिला फोन लावला. "बेटा, कागद गुन्यात हाय, पन मापात नाही. दुकानवाल्यानं लहान करून छापला." तो कागद त्यांनी बाजूला टाकला आणि प्लायवूडवर दोऱ्यानं सगळं नव्यानं आखलं.

हे सगळं मला नंतर कळलं. माझ्या बाजारातल्या पराक्रमाआधी कळलं असतं तर हा लेखच झाला नसता.

त्या दिवशी मी मिस्त्रींकडे लाडू द्यायला गेले. ते गोकर्णाकाकूंना घेऊन डोळा दाखवायला बुलढाण्याला गेले होते. ओट्यावर गिटारच्या मानेवर बसायची शिसमाची पट्टी पडली होती. तिच्यात बोटं दाबायच्या जागी धातूच्या बारीक पट्ट्या बसवायला खाचा पाडल्या होत्या. चोवीस खाचा. मी चष्मा लावून वाकून पाहिलं.

खाचा तिरप्या होत्या. एका टोकाच्या एकीकडे कललेल्या, दुसऱ्या टोकाच्या दुसरीकडे. हाताचा पंजा पसरावा तशा. ज्या माणसानं माझ्या गुण्याची चूक दोन रेघांत पकडली होती त्याच्या हातून हे. मला त्या ऑपरेशनचा, वयाचा, राहिलेल्या डोळ्याचा एकदम हिशोब लागला. लाडवांचा डबा ओट्यावर ठेवून मी निघाले, आणि थेट बाजारात गेले. मनात केवढी माया दाटली होती म्हणून सांगू. त्याच मायेनं घात केला.

चार दिवसांत देवीदास पाटलानं मिस्त्रींना निरोप धाडला. त्याच्या नव्या घराच्या बारा चौकटी मिस्त्रींकडे होत्या, त्यातली एक झाली होती. निरोप असा, की उरलेल्या राहू द्या, तयार आणतो खामगावहून. मग ज्यांचे पाट सांगितलेले होते त्यांनी पाट नको म्हटलं. एका लग्नघरानं देव्हारा रद्द केला नाही, पण 'सावकाश करा' म्हटलं. सुताराला कोणी 'सावकाश करा' म्हणालं की समजावं. पन्नास वर्षांचं नाव, सरळ रेघेवर उभं केलेलं, मी वांग्यांच्या ढिगात आडवं केलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

तन्वीचा व्हिडिओ कॉल आला. "आजी, मिस्त्रीबाबांनी खाचा पाडल्या म्हणे. फोटो पाठव ना."

मी पदर सावरला. "बेटा, मन घट्ट कर. सगळ्या तिरप्या झाल्या."

ती हसायला लागली. इतकी, की तिचा फोन पडला आणि मला बराच वेळ पुण्यातलं छतच दिसत राहिलं. मग तिनं मला चौथीच्या पोराला सांगावं तसं सांगितलं. जाड तारेची लांबी जास्त, बारीक तारेची कमी. प्रत्येक तारेवर सुरांच्या जागा वेगळ्या अंतरावर पडतात. टिंबाला टिंब जोडलं की पट्टी तिरपीच येणार. तिरपी आली नाही तर चूक.

"अगं बाई," मी म्हटलं. "आणि मी सगळ्यांना सांगितलं की..."

तिचं हसू थांबलं. "आजी, कोणाकोणाला सांगितलंस?"

मी नावं घ्यायला लागले आणि अर्ध्यावर थांबले, कारण बाजारात उभं राहून एकाला सांगितलं म्हणजे किती जणांना सांगितलं, हे गणित मला येत होतं.

मिस्त्री शेडमध्ये होते. खाचांमध्ये पट्ट्या ठोकत होते, लाकडी हातोडीनं, हलक्या हातानं. माझा लाडवांचा डबा धुऊन खिळ्याला लटकवला होता. मला पाहून त्यांनी पाट सरकवला.

"मिस्त्री, मी चुकले."

"हाव, ऐकलं."

"कोणी सांगितलं?"

"देवीदासच्या निरोप्यानं. बाईच म्हनल्या म्हने." त्यांनी पट्टी ठोकली. "बाई म्हनल्या म्हनल्यावर लोक मानतातच. अर्ध्या गावाले तुम्ही शिकवलं."

"तुम्ही लोकांना समजावून का नाही सांगितलं?"

त्यांनी हातोडी ठेवली. रागावतील असं वाटलं. ते मानेची पट्टी उचलून माझ्या मांडीवर ठेवत म्हणाले, "पाहा. बंडी वळनावर आली का बाहेरचं चाक जास्त रस्ता कापते, आतलं कमी. दोन चाकांमधला आस एकच, दोन्ही चाकं सोबतच पोहोचतात. ही जाड तार बाहेरचं चाक. ही बारीक, आतलं. बंडी वळन घेऊन राह्यली, म्हनून पट्ट्या तिरप्या. पोरीनं सांगतलं तवा मले हेच दिसलं."

चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला जे दोन तासांत कळलं नाही ते या माणसाला एका चाकात कळलं होतं.

"हे बाजारात सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

"कोनाले सांगू? ज्याले वाकडं दिसलं त्यानं इचारलंच नाही मले." थोडं थांबून ते म्हणाले, "तुम्ही बी नाही इचारलं, बाई. त्याचं वाटलं."

एवढंच. पुन्हा हातोडी सुरू.

पुढच्या बाजारी मी घरच्या भिंतीवरचा चोरीचा गुण्या काढला, काखेत मारला आणि शांताबाईच्या ढिगाशेजारी, त्याच जागी जाऊन उभी राहिले. शांताबाईनं विचारलं, "बाई, आज शाळा भरली का काय?"

"भरली," मी म्हटलं. आणि वर्गातल्या आवाजात सांगितलं, की पुंजाजी मिस्त्रींचा हात गेला नाही, माझी बुद्धी गेली होती. त्या पट्ट्या तिरप्याच असतात. मी न विचारता बोलले. शांताबाई म्हणाली, "हे मागच्या बाजारी जेवढ्या हळू बोलल्या होत्या तेवढंच हळू बोला, तं लवकर पसरन." बाई हुशार आहे.

देवीदास पाटील कापूस व्यापाऱ्याच्या दुकानासमोर खुर्चीवर बसला होता. पन्नाशीचा माणूस, चाळीस एकरांचा धनी, पण मला पाहून उठला. सातवीत माझ्या हातचा मार खाल्लेला पोरगा कितीही मोठा झाला तरी उठतो.

"देवीदास, चल."

"कुठं, बाई?"

"भूमितीच्या तासाला."

मिस्त्रींच्या शेडमध्ये त्याची झालेली एक चौकट भिंतीला टेकून उभी होती. मी दोरा काढला. "सांग, चौकट गुण्यात आहे हे कसं ओळखायचं?"

तो मिस्त्रींकडे पाहायला लागला. मिस्त्री पेन्सिलीचं टोक तपासत बसले, त्यांना मजा येत होती.

"कर्ण मोजून, बाई," तो हळूच म्हणाला.

"मोज."

त्यानं एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणला, चिमटीत धरला, मग तोच दोरा दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावला. दोरा टोकाला टोक बसला. त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा बसला. मग त्यानं नुसतंच चौकटीवरून हात फिरवला.

"मिस्त्री, बाकीच्या अकरा इथंच करा," तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. आता त्याच्या डोळ्यांत सातवीतला देव्या होता. "बाई, एक इचारू का? तुम्ही चूक झाली का आम्हाले उठाबशा काढायले लावत होत्या."

"होते."

"मंग?"

मी कान धरले आणि एक काढली. म्हणजे खाली बसले तिथपर्यंत ठीक झालं. वर येणं गुडघ्यांनी मान्य केलं नाही. देवीदासनं एक हात धरला, मिस्त्रींनी दुसरा, आणि आतून गोकर्णाकाकूंचा आवाज आला, "बाईले उचला आधी, हसा मंग."

पाट, देव्हारा, सगळं परत आलं. देवीदासच्या घरी वास्तुशांतीला मिस्त्रींनी बाराच्या बारा दारं उघडून लावून पाहिली आणि मग जेवायला बसले. दारं त्यांचीच होती, तरी पाहिली.

मिस्त्री आता नाहीत. दुसरा डोळा झाला, छान झाला, आणि पुढच्या हिवाळ्यात चार दिवसांच्या तापात गेले. त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा मी आधी दार उघडून लावून पाहिलं. गोकर्णाकाकूंनी ते पाहिलं आणि मला जवळ ओढून घेतलं. शेडला आता कुलूप आहे.

पण मला ते दिसतात ते गिटार झाली त्या दुपारचे. तन्वीनं तारा चढवल्या, छोटा स्पीकर जोडला, आणि सूर दाखवणारं यंत्र डोक्याला लावलं. गिटारच्या डोक्याला, तिच्या नव्हे. एकेक पट्टी दाबत ती वर जात होती आणि यंत्रातला हिरवा दिवा प्रत्येक सुराला लागत होता. सगळ्यात जाड तार तिनं छेडली तेव्हा ओट्यावरचा भुसा थरथरला. फडफड नव्हती. गोकर्णाकाकू दारातून म्हणाल्या, "ट्रॅक्टर सुरू झाल्यावानी वाजते." मिस्त्री स्पीकरकडे पाहतही नव्हते. ते वाकून लहरीच्या लाकडाला कान लावून बसले होते, डोळे मिटून. अकरा वर्षं त्या फळीचं काम शोधणारा माणूस आता ते काम ऐकत होता.

मला राहवलं नाही. मी माझा गुण्या आणला होता, तो मानेवर ठेवला. एकेक पट्टी पाहत गेले. पहिली तिरपी, दुसरी तिरपी, तिसरी, चौथी. सातव्या पट्टीवर गुण्या अचूक बसला. आठवीपासून पुन्हा पट्ट्या दुसऱ्या अंगाला कलत गेल्या.

"मिस्त्री, ही एकच गुण्यात कशी?"

तन्वी समजावणार होती, दोन्हीकडच्या तिरप्या पट्ट्यांच्या मध्ये एक सरळ यावीच लागते म्हणून. मिस्त्रींनी हातानंच तिला थांबवलं. कान लाकडावरून उचलला, कानामागची पेन्सिल नीट केली, आणि माझ्याकडे पाहत म्हणाले,

"ते एक तुमच्यासाठी सरळ ठेवली, बाई. बाकीच्या तेवीस वाकड्या हायेत असं कोनी म्हनलं, तं बजारात सांगाले तुम्ही हायेच."